वजन, बारीक दोरी आणि आंब्याचं बेचकं

गेल्या महिन्यात या पानावर मी उंच रायवळ आंब्यावर दोर लावून कसं चढतात ते थोडक्यात लिहिलं होतं. बारीक दोरीला वजन बांधून ती जमिनीवरूनच वरच्या बेचक्यापलीकडे टाकायची. वजन खाली आलं की त्या दोरीला चढायचा जाड दोर बांधून ओढून घ्यायचा, मग हार्नेस चढवून वर जायचं. लेखात चढण्याबद्दलच जास्त लिहिलं होतं, पण पत्रं जवळजवळ सगळी त्या पहिल्या फेकीबद्दल आली. वाचून फार बरं वाटलं. दापोली तालुक्यात मी हे काम करते आणि माझा अनुभव असा की दिवस चांगला जाणार की वाईट, ते त्या फेकीच्या अर्ध्या तासातच ठरतं.

आमच्या माणसांत थ्रो बॅगला नुसतं ‘वजन’ म्हणतात आणि थ्रो लाइनला ‘बारीक दोरी’. खाली तेच शब्द आहेत. दोर लावायला जमिनीवर उभं राहून कुणालाही शिकता येतं. त्या दोरावर चढणं मात्र जाणकार माणूस शेजारी असल्याशिवाय करू नका. हे मी प्रत्येक उत्तरात पुन्हा लिहिणार नाही, पण प्रत्येक उत्तराला ते लागू आहे.

ताई, आमच्याकडे पूर्वी सुंभाला दगड बांधून फांदीवर टाकायचे आणि फांदी खाली ओढून आंबे उतरवायचे. तसाच दगड बांधला तर काय बिघडलं? वजन विकत घ्यायलाच हवं का?
*एक बागायतदार, केळशी*

काका, दगड वर जातो. खाली येताना तो त्रास देतो. दगडाला कंगोरे असतात, त्यावर दोरीचे वेढे असतात, आणि पहिल्याच अरुंद बेचक्यात तो पाचर मारल्यासारखा बसतो. ओढाल तसा घट्ट होतो. आणि गाठीतून निसटला तर खाली कोण उभं आहे ते बघून पडत नाही.

वजन म्हणजे एक निमुळती कापडी पिशवी. वीतभर लांब, मनगटाहून बारीक, आत छर्रे भरलेले, वरच्या टोकाला एक कडी. छर्रे आतल्या आत सरकतात, त्यामुळे ती फांदीवर आपटली तरी उडत नाही, अंग मोडून घसरते. बाजारात मिळणाऱ्या पिशव्यांवर औंसाचा आकडा असतो. साधारण ८ औंसांपासून १६ औंसांपर्यंत, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमपासून साडेचारशे ग्रॅमपर्यंत. हलकं वजन सहज उंच जातं, पण पलीकडे जाऊन लोंबकळत राहतं, कारण खरखरीत सालीवरून दोरी ओढून आणायला त्याच्यात जोर नसतो. जड वजन हमखास खाली येतं, पण पंचवीस फेकींनंतर खांदा बोलायला लागतो आणि नेम जातो.

आंब्याची साल खडबडीत, पालवी दाट. दोरी नुसती एका बेचक्यावरून जात नाही, वाटेत तीन-चार काटक्यांनाही घासते आणि प्रत्येक काटकी तिला धरून ठेवते. म्हणून आंब्याला मी १२ औंसांचं, म्हणजे ३४० ग्रॅमचं वजन घेते. झाड फारच दाट असेल तर १४ औंसांचं, म्हणजे ४०० ग्रॅमचं. निलगिरीसारख्या गुळगुळीत सालीला १० औंस पुरे, ते २८० ग्रॅमच्या आसपास भरतं.

विकत घ्यायलाच हवं असं नाही. माझं पहिलं वजन मी घरी शिवलं होतं. माझं माहेर हर्णैचं. काकांच्या जुन्या पागाला, म्हणजे फेकून टाकायच्या जाळ्याला, लावलेली शिशाची बोंडं काढून घेतली, कॅनव्हासच्या दोन पट्ट्या दुहेरी शिवणीने जोडल्या, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३५० ग्रॅम मोजून भरलं आणि तोंडाशी एक पितळी कडी शिवली. दोन वर्षं ते चाललं. पण आज तुम्ही शिवणार असाल तर शिसं घेऊ नका. ते विषारी असतं, पिशवी फाटली की बागेतल्या मातीत सांडतं, आणि दिवसभर तेच हात घेऊन आपण डबा उघडतो. सायकलवाल्याकडे बेअरिंगचे स्टीलचे छर्रे मिळतात, ते भरा. कापड भगवं किंवा गडद गुलाबी घ्या. आंब्याखालच्या पाचोळ्यात मातकट रंगाचं वजन शोधण्यात आमचा एक अख्खा दुपारचा वेळ गेला आहे.

आम्ही दोघं मित्र फांदीछाटणीची कामं घेतो. घरात तंगूस भरपूर आहे. बारीक दोरी म्हणून तीच वापरली तर चालेल ना?
*दोन वाचक, मालवणजवळून*

नाही चालणार. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ताणली की लांबते आणि सोडली की आखडते. वजन अडकलं असताना तुम्ही ती ओढाल तेव्हा बेचकीचं रबर ताणावं तसा ताण तिच्यात साठतो, आणि वजन सुटलं की सरळ तुमच्या तोंडावर येतं. शिवाय रिळावर राहून तिला वळसे पडलेले असतात. जमिनीवर मोकळी सोडली की दोन मिनिटांत गुंता. सुतळीही नको, ती सालीला धरते.

हवी ती विणलेली, ताण न खाणारी, गुळगुळीत दोरी. जाडी पावणेदोन ते सव्वादोन मिलिमीटर. डायनीमा या मजबूत कृत्रिम धाग्याची असेल तर उत्तम. लांबी ५० मीटर घ्या. पन्नास फुटांवरच्या बेचक्यासाठी पन्नास वर, पन्नास खाली आणि तुम्ही बुंध्यापासून लांब उभे असता ते वेगळं, म्हणून तेवढी लागतेच. एवढी बारीक दोरी हाताला कधीही गुंडाळू नका. ओढताना ती सुरीसारखी कापते. हातमोजे घाला.

ती वेटोळं करून ठेवायची नाही. बादलीत किंवा घमेल्यात एकावर एक पडू द्यायची, जशी पडेल तशी. वर जाताना ती त्याच उलट क्रमाने सुटत जाते. बादली नसेल तर खाली जुनी साडी अंथरा. पाचोळ्यावर ठेवलेल्या दोरीत एक काडी अडकली तरी वजन हवेत थबकतं.

मी शाळेत शिक्षक आहे. आवारातल्या जांभळावर सराव करतो. दहा फेकी केल्या की दहा ठिकाणी पडतात. ताकद कमी पडते की तंत्र?
*गुहागर*

सर, ताकद नक्कीच नाही. आंजर्ल्याच्या खाडीत काका पाग टाकायचे ते मी लहानपणी तासन्तास बघितलं आहे. ओला पाग बराच जड, आणि काका अंगाने किरकोळ. ते हाताने टाकायचेच नाहीत. कमरेतून एक झोका यायचा, हात नुसता त्या झोक्याबरोबर जायचा आणि योग्य क्षणी उघडायचा. वजन टाकायला मी शिकले तेव्हा सगळ्यात जास्त कामाला आलं ते हेच.

एका हाताची फेक आधी पक्की करा. वजन गुडघ्याच्या वर लोंबेल एवढी दोरी सोडून बोटांत धरा, मुठीत आवळू नका. कोपर सरळ. वजन मागे-पुढे दोन-तीन वेळा झोकू द्या आणि झोका सारखा झाला की सोडा. लवकर सोडलं तर ते सपाट, खालून निघून जातं. उशिरा सोडलं तर डोक्यावरून मागे येतं. हात साधारण डोळ्यांच्या पातळीला आला की बोटं उघडायची. नजर वजनाकडे नको, बेचक्याकडे हवी. आणि नेम बेचक्यावर धरू नका, त्याच्या तीन-चार फूट वरच्या मोकळ्या जागेवर धरा. वजनाचा वेग तिथे संपला पाहिजे, म्हणजे ते बेचकं ओलांडून लगेच सरळ खाली उतरतं, पलीकडच्या फांद्यांत शिरत नाही.

तीस-पस्तीस फुटांच्या वर दोन हातांची फेक लागते. वजनाच्या कडीतून दोरीचा एक पदर काढून झोळीसारखा धरायचा, पाय फाकवून उभं राहायचं, झोळी दोन्ही हातांनी पायांमध्ये झोकायची आणि वर जाताना पदर सोडायचा. यात जोर पाठीतून आणि मांड्यांतून येतो. वजन हवेत डुलत नाही.

सरावाला जांभळाऐवजी अंगणातल्या आढ्याला किंवा आडव्या बांबूला एक जुनी टोपली टांगा, पंधरा फुटांवर. रोज वीस फेकी. मग टोपली पंचवीस फुटांवर न्या. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चरच्या वृक्षारोहण स्पर्धांमध्ये नुसत्या बारीक दोरीच्या फेकीचा स्वतंत्र प्रकार आहे, वेगवेगळ्या उंचीच्या खुणांवर वेळ लावून. जगभरची कसलेली माणसं ती एक गोष्ट वर्षानुवर्षं घोटतात. तुमच्या दहा फेकी दहा ठिकाणी पडतात यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

शाळेचं आवार आहे म्हणून एक आवर्जून. झाडापलीकडे मुलं उभी राहता कामा नयेत. आणि चुकलेली फेकही विजेच्या तारेपर्यंत पोचू शकत असेल तर त्या झाडावर सराव करूच नका. दोरी ओली असो वा कोरडी.

वजन बेचक्यात अडकलं की काय करायचं? परवा एक तास गेला, शेवटी दोरी कापली.
*संगमेश्वर*

पहिली दहा मिनिटं ओढायचं नाही. ही सवय अंगात मुरवा. अडकलं की माणूस चिडून जोर लावतो आणि नुसतं टेकलेलं वजन तो स्वतःच बेचक्यात रुतवतो. दोरी पूर्ण ढिली सोडा आणि मनगटाने लाट पाठवा, जशी सुकत घातलेली चादर झटकतात तशी. लाट वर पोचली की वजन उसळी मारतं. आठ-दहा लाटांत निम्मी प्रकरणं सुटतात. नाही सुटलं तर झाडाच्या दुसऱ्या बाजूला जा आणि तिथून हेच करा. कोन बदलला की बरंच काही बदलतं.

तरीही नाही, तर मग ओढायचं, पण वजनाच्या बरोबर खाली किंवा समोर उभं राहून नाही. बाजूला, लांब, हेल्मेट आणि चष्मा घालून. आमच्यातल्या एकाच्या गालफडावर असं सुटलेलं वजन बसलं होतं. आठवडाभर तो डोळा नीट उघडत नव्हता. दोन बोटं वर लागलं असतं तर डोळाच गेला असता.

दोरी कापण्याची वेळ आली तर वजनाजवळ कापता येत नाही, हे तुम्ही अनुभवलंच. म्हणून आणखी एक करा. वजन कडीला निरगाठीने बांधू नका, ओढताच सुटेल अशा सुरगाठीने बांधा. वजन नीट खाली आलं, पण दोरी नको त्या फांदीवर आहे, असं पुष्कळदा होतं. तेव्हा वजन सोडून घ्यायचं आणि नुसती दोरी मागे ओढायची. दोरीच्या टोकाला गाठ नसेल तर ती पाण्यासारखी निघून येते.

आणि दोरी हव्या त्या बेचक्याबरोबर पलीकडच्या दोन फांद्यांवरूनही गेली असेल, तर सगळं काढून पुन्हा टाकायची गरज नाही. वजन हळूहळू वर ओढा, नको असलेल्या फांदीच्या जरा खाली आणून थांबा, मग एक छोटा, तुटक हिसका. वजन फांदीवरून अलीकडे उडी मारतं आणि आतल्या बाजूला पडतं. पुन्हा खाली सोडा, पुढची फांदी. हे जमायला लागलं की फेकीतली बरीच चूक दुरुस्त करता येते. मला तर फेकीपेक्षाही हा भाग जास्त आवडतो.

खालून बघून फांदी भरवशाची आहे हे कसं ओळखता? आमची झाडं साठ-सत्तर वर्षांची आहेत.
*एक आंबा बागायतदार, देवगड*

आलेल्या पत्रांत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो हा प्रश्न. त्याचं उत्तर मला एका चुकीनं शिकवलं, ती आधी सांगते.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं, त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. खाडीकाठच्या एका घराच्या परसात जुना रायवळ होता. एक मोडकी फांदी घरावर लोंबत होती आणि पाऊस तोंडावर आलेला. पहिल्याच फेकीत दोरी चाळीस फुटांवरच्या बेचक्यात बसली. फांदी हिरवीगार दिसत होती. मला इतका आनंद झाला की मी झाडाभोवती फिरलेच नाही. एकटीने दोराला लटकून बघितलं आणि निघाले. पंधरा फूट गेले असेन. वर ‘कट्’ असा आवाज झाला आणि मी हातभर खाली आले. दोर खालच्या दुसऱ्या फांदीवर जाऊन टेकला होता. अंगावर लाल हुमले पडत होते, पण ते चावत असल्याचं मला कळलंसुद्धा नाही. सावकाश उतरले. शेजारच्या माडीवरून बघितलं तेव्हा दिसलं की ती हिरवाई आंब्याची नव्हतीच. बांडगूळ होतं. बांडगुळाच्या पुढची फांदी पार वाळली होती आणि माझा दोर त्या वाळक्या भागावर होता.

म्हणून आता मी दुर्बीण घेतल्याशिवाय कामावर जात नाही. आंब्याचं पान लांब, टोकदार. बांडगुळाचं पान जाडसर, बोथट, जरा राखाडी झाक असलेलं, आणि फुलं आली असतील तर नळीसारखी, तांबडी. जिथे ते चिकटतं तिथे फांदीला गाठ आलेली असते. ज्या फांदीच्या शेंड्याला तांबूस पालवी फुटली आहे ती जिवंत, एवढं डोळे झाकून धरा. पालवीच्या दिवसांत दोर लावायची जागा हेरून ठेवली तर उन्हाळ्यात ती कामाला येते.

बुंध्याशी आणि मोठ्या फांद्यांच्या खाली भुसा पडलेला दिसला तर भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, आहे. आत किती पोकळ आहे ते बाहेरून कळत नाही, ती बाजू सोडा. बेचक्याचा आकार बघा. अंगठा आणि तर्जनी ताणली की जसं रुंद, गोलाकार होतं तसं बेचकं चांगलं. चिमट्यासारखं अरुंद, मध्ये साल दाबली गेलेली, ते दिसायला पक्कं दिसलं तरी चिरतं, शिवाय वजनही त्यातच रुततं. फांदी खोडाजवळ निदान पोटरीएवढी जाड हवी आणि दोर खोडाला लागून हवा, टोकाकडे नको. फणस आंब्यापेक्षा कितीतरी भरवशाचा. शेवगा, पांगारा यांवर दोर लावूच नका.

आता भाराचं गणित. तुमचं वजन ७० किलो धरू. दोर बेचक्यावरून घेऊन एक टोक बुंध्याला बांधलं आणि दुसऱ्या टोकावर तुम्ही चढलात, तर बेचक्यावर जवळजवळ १४० किलो येतात, कारण बुंध्याकडचा पदरही तेवढ्याच जोराने खाली ओढत असतो. दोराची दोन्ही बाजू तुमच्याच हार्नेसला असतील तर ७० च. हा फरक पुष्कळांना माहीत नसतो. म्हणून ज्या पद्धतीने चढणार, त्याच पद्धतीने दोर बांधून, दोन माणसांनी एकदम त्यावर भार टाकून बघायचा. आधी हळू, मग थोडं उसळून. तिसऱ्याने लांब उभं राहून दुर्बिणीतून बेचक्याकडे बघायचं. तेवढ्यात काही हललं, कुरकुरलं, साल सरकली, तर दोर काढायचा. आणि दोर नेमका कशावर आहे ते खालून दिसतच नसेल तर मी चढत नाही. मालक कितीही घाईत असो.

सुपारी आणि माडासाठी ही पद्धत वापरता येईल का? पाडेली मिळत नाही हो हल्ली.
*एक वाडीमालकीण, चौल*

नाही ताई. माडाला आणि पोफळीला बेचकंच नसतं. झावळीच्या देठावर माणसाचा भार टाकणं म्हणजे जीव टांगणीला लावणं. माडासाठी पायाने चढायची दोन पायदाण्यांची यंत्रं मिळतात, ती कमरेच्या पट्ट्यासह वापरणं बरं. सुपारीसाठी लांब काठीच.

देवराईतल्या ऐंशी फुटी झाडावर दोर न्यायचा आहे. गोफणीने वजन टाकता येईल का? की ती मोठी बेचकी घ्यावी?
*राजापूर*

गोफण नको. भाताच्या शेतातली पाखरं उठवायला ती नामी, पण ती गरगर फिरवताना बारीक दोरी तुमच्याच भोवती फिरते.

आठ फुटी दांड्यावर बसवलेली रबराची मोठी बेचकी मिळते, तिला बिग शॉट म्हणतात. हातांनी साठ फुटांच्या वर नेम धरणं कठीण, तिथे ती खरोखर उपयोगी पडते, शंभर फुटांपर्यंत. पण ती फेक चुकली तर वजन झाडापलीकडे बरंच लांब जातं, त्यामुळे पलीकडची पूर्ण जागा मोकळी हवी. दांडा जमिनीवर घट्ट टेकलेला, तोंड कधीही दांड्याच्या वर नाही. रबराला चीर दिसली की ते टाकून द्यायचं. खाऱ्या हवेत ते लवकर कडक होतं.

देवराई आहे, तर आधी गावकऱ्यांना आणि मानकऱ्यांना विचारा. आणि झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी बसलेली नाही ना ते बघा. हिवाळा सरता सरता ती स्वतःला आत चिणून घेते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत बाहेर येत नाही, नर बाहेरून फळं भरवतो. तेव्हा त्या झाडाकडे फिरकू नका. दोर पावसानंतर लावता येईल.

बारीक दोरी छान बसते, पण जाड दोर ओढताना बेचक्याशी येऊन अडतो.
*लांजा*

गाठीचा गठ्ठा होत असणार. जाड दोराच्या टोकापासून वीतभर मागे बारीक दोरीचा क्लोव्ह हिच (दोन वेढ्यांची गाठ) मारा, मग टोकाकडे येत चार-पाच अर्धे फास, शेवटचा अगदी टोकाशी. असं केलं की दोर भाल्यासारखा सरळ वर जातो. वरून चिकटपट्टीचा एक वेढा दिलात तर आणखी बरं. बेचक्यावर घासणाऱ्या भागात दोरावर कॅनव्हासची नळी चढवा. दोर वाचतो आणि साल सोलून आंब्याचा चीक अंगावर येत नाही. आंब्याचा चीक कातडी भाजून काढतो, तुम्हाला सांगायला नको.

निसर्ग वादळात मोडलेली एक फांदी अजून आमच्या फणसात अडकून आहे. चढायची हिंमत नाही. या बारीक दोरीने ती खाली ओढता येईल का?
*श्रीवर्धन*

३ जून २०२० ला मोडलेली फांदी अजून वर आहे म्हणजे तिचा अडकलेला भाग आतापर्यंत बऱ्यापैकी कुजला असणार. तुम्ही चढत नाही आहात ते अगदी योग्य आहे.

ओढता येईल, पण बारीक दोरीने नाही. तिने फक्त जाड दोर वर न्यायचा. वजन त्या मोडक्या फांदीच्या बेचक्यापलीकडे टाका, दोर ओढून घ्या, दोन्ही टोकं एकत्र करून ओढा. उभं राहायची जागा फांदीच्या उंचीपेक्षा जास्त लांब हवी. त्यासाठी तीस-पस्तीस मीटरचा दोर पुरणार नाही, साठ मीटरचा आणा. दोर कुणीही हाताला किंवा कमरेला बांधून घ्यायचा नाही. मागे पळायची वाट आधी मोकळी करून ठेवा, कुंपणाकडे पाठ करून उभे राहू नका. शेजारून विजेची तार जात असेल तर वीजमंडळाच्या माणसाला बोलावल्याशिवाय यातलं काही करू नका.

एकदम हिसका न देता लय धरून ओढा, सोडा, ओढा. फांदी डुलायला लागते आणि स्वतःच्या वजनाने निसटते. खाली आली की लगेच तिच्याकडे धावू नका. निदान पाच मिनिटं लांबच थांबून दुर्बिणीने वर बघा. तिच्याबरोबर सैल झालेल्या काटक्या आणि वाळकी फळं मागाहून पडतात. आणि फणसाचा चीक दोराला लागला असेल तर त्यावर तेल चोळू नका. हाताला चालतं, दोराला नाही. कोमट पाणी आणि साधा साबण, मग सावलीत वाळवा.

*पुढच्या महिन्यासाठी पत्र लिहिताना झाडाचं नाव, अंदाजे उंची आणि जवळून विजेची तार जाते का, एवढं जरूर कळवा. फोटो पाठवणार असाल तर झाडाच्या चारही बाजूंनी काढा.*